गोकर्णाच्या शेंगेतली सुई

गेल्या अंकात पपईच्या चिकातल्या एन्झाइमाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यावर बरीच पत्रं आली. कुणी स्वयंपाकघरातून विचारलं, कुणी शेतातून, कुणी प्रयोगशाळेतून, पण रोख सगळ्यांचा एकच: झाडांमधली ही एन्झाइमं प्रथिनांचं नेमकं करतात काय? पाच पत्रं निवडली आहेत. माझी तीस वर्षं पुण्यात प्रथिनं आणि पेप्टाइडं हाताळण्यात गेली, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

ताई, पाडव्याला चक्क्यात ताज्या अननसाचे तुकडे घालून श्रीखंड केलं. दुपारी पानात वाढलं तेव्हा छान होतं. रात्री उरलेलं काढलं तर चक्क कडू, आणि तळाशी पाणी सुटलेलं. चक्का खराब निघाला का? — एक गृहिणी, नाशिक

चक्का चांगलाच होता, दुकानदाराला बोल लावू नका. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं आणि त्याचं कामच प्रथिनं तोडण्याचं. चक्क्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. केसीनच्या लांब साखळ्या एकमेकींत अडकून पाणी धरून ठेवतात, म्हणून चक्का घट्ट राहतो. ब्रोमेलेनने त्या साखळ्या ठिकठिकाणी तोडल्या, पकड सुटली आणि पाणी खाली उतरलं.

कडूपणाचं कारण मला जास्त गमतीचं वाटतं. केसीन स्वतः कडू नसतं. पण त्यात ल्युसीन, प्रोलीन अशी पाण्याला बिचकणारी अमिनो आम्लं, म्हणजे साखळीचे मणी, भरपूर आहेत. साखळी अखंड असते तोवर ती जिभेला जाणवत नाहीत. साखळीचे लहान तुकडे पडले, म्हणजे पेप्टाइडं झाली, की ती उघडी पडतात आणि जिभेवरच्या कडू चवीच्या जागांना जाऊन चिकटतात. तुमच्या श्रीखंडात दुपार ते रात्र एवढ्या वेळात हेच चाललं होतं. प्रयोगशाळेत मी प्रथिनाचे तुकडे करायचे तेव्हा यंत्रावर आलेख बघावा लागायचा, तुमच्या जिभेने तो यंत्राशिवाय वाचला.

उपाय सोपा आहे. अननस साखरेच्या पाकात चांगला शिजवून, गार करून मग घाला. शिजवल्यावर ब्रोमेलेन निकामी होतं. डब्यातला अननसही चालतो, कारण तो आधीच तापवलेला असतो. किवीलाही हाच नियम लावा.

आणि याच तोडण्याचा माणसाला केवढा आधार झालाय तेही सांगते. अननसाच्या खोडातून काढलेल्या ब्रोमेलेनयुक्त द्रव्यापासून भाजलेल्या रुग्णांसाठी एक लेप तयार होतो, नाव नेक्सोब्रिड. तो जखमेवर चार तास ठेवतात. मेलेली कातडी विरघळून निघते आणि खालची जिवंत कातडी शाबूत राहते. युरोपात २०१२ साली आणि अमेरिकेत २०२२ साली त्याला मान्यता मिळाली.

मॅडम, माझी चार एकर पपई आहे, तैवान ७८६. कच्च्या फळाचा चीक काढून विकता येतो असं तुमच्या लेखात वाचलं. तो कोण घेतं, कशाला घेतं, आणि मी काढावा का? — एक शेतकरी, शहादा

शहाद्याचं पत्र बघून बरं वाटलं. माझ्या मामांची पपई तिकडेच होती. लहानपणी सुट्टीत कच्च्या पपया हाताळून माझ्या बोटांच्या पेरांची सालं निघायची आणि मामी खोबरेल लावून द्यायची. तुमच्याकडच्या मजुरांनाही हे माहीत असेल. चीक कातडीच्या प्रथिनांनाही सोडत नाही, म्हणून चीक काढताना हातमोजे हवेतच.

चिकातलं मुख्य एन्झाइम म्हणजे पपेन. २१२ अमिनो आम्लांची ही साखळी गोळा होऊन बसलेली असते आणि तिच्या मधोमध एक खाच असते. त्या खाचेत २५ व्या जागेवर सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे आणि त्या सिस्टीनवर गंधकाचा एक अणू आहे. कापण्याचं सगळं काम तो गंधक करतो. हे लक्षात ठेवलंत की चीक काढण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप कळतात.

फळ धरल्यापासून अडीच ते तीन महिन्यांनी, हिरवं असतानाच, सकाळी लवकर त्याला चार उभ्या चिरा द्यायच्या. खोली तीन मिलिमीटरच्या आसपास, त्याहून जास्त नाही. पातं स्टेनलेस स्टीलचं किंवा बांबूचं. चीक काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात धरायचा, लोखंडी घमेलं अजिबात नको, कारण धातू त्या गंधकाला जाऊन चिकटतात आणि एन्झाइम बसतं. हवेतला ऑक्सिजनही गंधकाला मारतो. म्हणून चिकात थोडं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात आणि चीक ताटकळत ठेवत नाहीत. वाळवायचं ५० ते ५५ अंशांवर, त्याच्या वर गेलं की पपेनचा जोर उतरतो. तीन-चार दिवसांनी त्याच फळाच्या कोऱ्या भागावर पुन्हा चिरा. एवढा सगळा खटाटोप त्या एका गंधकासाठी.

आता कोण घेतं ते. मांस मऊ करण्याच्या पुडीत पपेन असतं. बिअर थंड केल्यावर गढूळ होऊ नये म्हणूनही ते वापरत आले आहेत. पण माझ्या मनातलं त्याचं खरं मोठेपण वेगळं आहे.

१९५९ मध्ये लंडनमध्ये रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) घेतली आणि त्यांच्यावर पपेन सोडलं. शंभर भाग प्रथिनाला एक भाग पपेन, ३७ अंश, १६ तास. इतका वेळ मोकळं सोडल्यावर पपेनने प्रतिपिंडाचा भुगा करायला हवा होता. पण मिळाले तीनच मोठे तुकडे. दोन सारखे होते, आणि ते शत्रूला, म्हणजे प्रतिजनाला, चिकटत होते. तिसरा चिकटत नव्हता, पण त्याचे सुबक स्फटिक पडले. प्रतिपिंड एरवी घट्ट गुंडाळलेलं असतं, फक्त सांध्याजवळ ते सैल असतं, आणि पपेनची सुरी तिथेच पोचली. प्रतिपिंडाची रचना उलगडायला यातूनच सुरुवात झाली, आणि १९७२ चं नोबेल पोर्टर यांना जेराल्ड एडेलमन यांच्यासोबत मिळालं.

हीच युक्ती आज औषधात आहे. अमेरिकेत रॅटलस्नेकच्या विषावर क्रोफॅब नावाचं औषध देतात. मेंढ्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं पपेनने कापून ते करतात, म्हणून पपईची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी त्यावर स्पष्ट इशारा छापलेला असतो. आपल्याकडे हाफकिनमध्ये होणारं सर्पविषावरचं औषध घोड्यांच्या प्रतिपिंडांपासून होतं. ती कापायला पेप्सिन लागतं, आणि ते प्राण्याच्या जठरातलं एन्झाइम आहे. पेप्सिन सांध्याच्या पलीकडच्या बाजूला कापतं, त्यामुळे दोन्ही हात, म्हणजे शत्रूला चिकटणारे ते दोन सारखे भाग, एकत्र जोडलेले राहतात. पपेन अलीकडे कापतं आणि हात सुटे होतात. दोन्ही तुकडे विषाला धरतात. सुरी कुठली घेतली यावर तुकड्याचा आकार ठरतो.

तुम्ही काढावा का? माझं मत नाही असं आहे, निदान या बागेत तरी. तैवान ७८६ हे खायचं फळ आहे. चिरा पडलेलं फळ बाजारात कुणी उचलणार नाही, ते टुटीफ्रुटीच्या कारखान्याला द्यावं लागेल. चिकासाठी कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठाने को-२, को-५ अशा जाती दिल्या आहेत. आधी खरेदीदाराशी लेखी ठरवा, त्याला वाळलेल्या चिकाची एन्झाइम-ताकद किती हवी ते विचारा, आणि मगच एखादा वेगळा तुकडा त्या जातीचा लावा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. वाळलेल्या चिकाची पूड करताना नाकातोंडाला चांगला मास्क लावा. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही पपेनची पूड उघड्या टेबलावर तोलायचो. मास्क नव्हते, हवा खेचणारं कपाट नव्हतं. माझ्या शेजारी काम करणाऱ्या मुलीला आधी शिंका सुरू झाल्या, वर्षभरात दमा लागला. आम्ही दोनदा लेखी तक्रार केली, उत्तर आलं नाही, आणि तिला काम सोडावं लागलं. श्वासात गेलेली ही पूड अ‍ॅलर्जी जडवते आणि ती जन्माला पुरते. शेडमध्ये पंखा लावून पूड उडवू नका.

रक्तपेढीत तांबड्या पेशींना पपेन लावून काही चाचण्या करतो. पपेनने पेशीचं काय होतं हे कुणी नीट सांगितलं नाही. — एक तंत्रज्ञ, सांगली

तांबड्या पेशीच्या अंगावर साखर लावलेली प्रथिनं केसांसारखी उभी असतात. त्या साखरेच्या टोकांना सायालिक आम्ल असतं, त्याचा विद्युतभार ऋण. सगळ्याच पेशी ऋण, म्हणून त्या एकमेकींना दूर ठेवतात. आयजीजी जातीच्या प्रतिपिंडाचे हात लांब नसतात, दोन पेशींमधलं हे अंतर त्याला ओलांडता येत नाही, आणि मग गुठळ्या दिसत नाहीत. पपेन हे केस भादरून टाकतं. पेशी जवळ येतात, प्रतिपिंड दोघींना धरतं. आरएच गटाची प्रतिपिंडं म्हणूनच पपेन लावल्यावर ठळक दिसतात.

पण भादरलेल्या भागावरच एम, एन, एस आणि डफी हे प्रतिजन असतात. ते पपेनबरोबर जातात. त्यामुळे पपेन लावलेल्या पेशींशी प्रतिक्रिया आली नाही म्हणून डफीचं प्रतिपिंड नाही असा निष्कर्ष काढू नका. साध्या पेशींची चाचणी शेजारी ठेवाच. अंजिराच्या चिकातलं फिसिन वापरत असाल तर त्यालाही हेच लागू.

मॅडम, मी एम.एस्सी.ला आहे. प्रोटिएज म्हणजे प्रथिन कापणारं एन्झाइम असं शिकलो. गोकर्णातलं बुटेलेज त्याच कुळातलं, तरी ते जोडतं, हे कसं? आणि प्रकल्पासाठी आमच्या कुंपणावरच्या शेंगा वापरता येतील का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

तुझ्या पत्राची मी वाटच बघत होते असं म्हण.

आधी हे मान्य कर की कापणं आणि जोडणं ही एकाच रस्त्यावरची जा-ये आहे. १९३७ च्या सुमारास न्यूयॉर्कला मॅक्स बर्गमन आणि हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट यांनी पपेनकडूनच जोडणी करून घेतली होती. टोक झाकलेलं अमिनो आम्ल आणि अ‍ॅनिलिन पपेनसमोर ठेवलं, आणि जोडलेला पदार्थ पाण्यात विरघळत नसल्यामुळे खाली बसत गेला. तो बाजूला पडत राहिला म्हणून गाडी जोडण्याच्या दिशेने ओढली गेली. पण ही परिस्थितीची करामत होती. पपेनचा स्वभाव कापण्याचाच.

तो स्वभाव कशाने ठरतो ते बघ. गंधक साखळीला धरतो आणि तिचा पुढचा भाग सुटून जातो. मागचा भाग क्षणभर गंधकाला चिकटून राहतो. आता त्याला सोडवायला कोण येतं यावर सगळं अवलंबून आहे. पाणी आलं तर तुकडा सुटला, म्हणजे कापणं झालं. दुसऱ्या पेप्टाइडचं अमिनो टोक आलं तर ते त्या तुकड्याला चिकटलं, म्हणजे जोडणं झालं. आणि पाणी किती असतं? लिटरमध्ये ५५ मोल. तुझं पेप्टाइड फार तर मिलिमोलमध्ये. पेप्टाइडच्या एका रेणूमागे पाण्याचे हजारो रेणू दारात उभे असताना ते आत येऊ द्यायचे नाहीत आणि पेप्टाइडला तेवढी वाट द्यायची, हे गोकर्णाने साधलं आहे. खाचेच्या तोंडाशी असलेल्या मोजक्या अमिनो आम्लांमुळे हा फरक पडतो. याच कुळातली बाकीची बहुतेक एन्झाइमं मुख्यतः कापतातच.

सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात जेम्स टॅम यांच्या गटाने २०१४ मध्ये हे एन्झाइम गोकर्णाच्या शेंगांतून वेगळं केलं. मलय भाषेत गोकर्णाला बुंगा तेलांग म्हणतात, त्यावरून नाव बुटेलेज. साखळीच्या शेवटी अ‍ॅस्पराजीन, हिस्टिडीन, व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं ओळीने असली की ते हिस्टिडीन-व्हॅलीनची शेपटी काढून टाकतं आणि अ‍ॅस्पराजीनला नवं टोक जोडतं. साखळीचंच दुसरं टोक जवळ असेल तर तेच जोडतं, आणि ओवलेल्या हाराची टोकं बांधावीत तशी साखळी गोल होते. वेग सेकंदाला १७ जोडण्यांपर्यंत. तेव्हा माहीत असलेल्या पेप्टाइड जोडणाऱ्या एन्झाइमांमध्ये ते सगळ्यांत वेगवान होतं. बॅक्टेरियातलं सॉर्टेज याच कामाला वापरतात, पण ते मंद आहे आणि जोडावर आपला चार-पाच अमिनो आम्लांचा ठसा सोडून जातं. गोकर्ण मागे ठेवतो एक अ‍ॅस्पराजीन. मी सॉर्टेजबरोबर रात्री काढल्या आहेत, म्हणून मला याचं मोल फार वाटतं. प्रतिपिंडाला औषध किंवा रंग जोडायचा असेल तर जुन्या रसायनांनी तो लायसीन हे अमिनो आम्ल दिसेल तिथे चिकटतो, या एन्झाइमने ठरवलेल्या टोकालाच बसतो.

झाडाला हे कशाला हवं, हेही विचार. गोकर्णात सायक्लोटाइड नावाची गोल पेप्टाइडं असतात, किडीपासून बचावासाठी. अशा पहिल्या पेप्टाइडची गोष्ट काँगोमधली आहे. तिथे बायका बाळंतपण लवकर व्हावं म्हणून कलाटा-कलाटा नावाच्या झाडाचा काढा घेत. लोरेंट्स ग्रान या नॉर्वेच्या डॉक्टरांनी त्यातला पदार्थ शोधला. उकळून आणि पोटातून जाऊनही तो टिकत होता. १९९५ मध्ये रचना कळली: २९ अमिनो आम्लं, गोल साखळी, आत गंधकाच्या तीन गाठी. टोकच नाही, तर टोकापासून कुरतडणारी पाचक एन्झाइमं सुरुवात कुठून करणार? त्याच झाडातून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जोडणारं एन्झाइम काढलं. २०१७ मध्ये सिंगापूरला त्यातलं २४७ वं सिस्टीन बदलून अ‍ॅलनिन केलं, तर वेग शंभरपटीहून वाढला. ते ई. कोलाय या जिवाणूत तयार करता येतं, शेंगा लागत नाहीत.

आपल्या अबईची जवळची बहीण, जॅक बीन, तिच्या बियांतल्या कॉनकॅनाव्हॅलिन-ए या प्रथिनात तर झाड स्वतः साखळी मधे कापून जुनी दोन टोकं एकमेकांना जोडतं, म्हणजे पुढचा भाग मागे जातो. हे १९८५ मध्ये दाखवलं गेलं.

आता तुझा प्रकल्प. शेंगा चालतील. हिरव्या, कोवळ्या घे, वाळलेल्या नको. बर्फावर वाट, सामू (पीएच) ६ च्या आसपास ठेव, गंधक जागा राहावा म्हणून क्षपणक (रिड्यूसिंग एजंट) घाल. शेवटी अ‍ॅस्पराजीन-हिस्टिडीन-व्हॅलीन असलेलं एक पंधरा-वीस अमिनो आम्लांचं पेप्टाइड मागव. शेजारी उकळलेल्या अर्काची नळी ठेवायला विसरू नकोस. मग मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, दोन शिखरं शोध. मूळ वस्तुमानातून २३६ गेले असतील तर शेपटी कापली गेली आणि जागा पाण्याने घेतली. २५४ गेले असतील तर साखळी गोल झाली. फरक १८ चा, म्हणजे पाण्याचा एक रेणू. तुझ्या अर्कात कापणारी भावंडंही असणार, त्यामुळे दोन्ही शिखरं दिसतील. घाबरू नकोस. कुठलं किती, कुठल्या सामूला, किती मिनिटांनी, हे मोजलंस तरी प्रकल्प भरपूर झाला.

माझ्या दारात ही वेल तीस वर्षं आहे. शेंगा वाळल्या की बी ठेवून टरफलं मी टाकून देत होते. २०१४ चा तो शोधनिबंध वाचला त्या संध्याकाळी बाहेर जाऊन एक हिरवी शेंग तोडली आणि कितीतरी वेळ हातात धरून बसले.

गोकर्णाच्या निळ्या चहात हे एन्झाइम असतं का? त्याचा शरीराला फायदा होतो का? — एक वाचक, ठाणे

नाही. निळा रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा, लिंबू पिळलं की जांभळा होतो. एन्झाइम शेंगांतून काढलेलं आहे, आणि उकळत्या पाण्यात ते टिकणारही नाही. फुलांचा चहा आवडत असेल तर घ्या. बिया आणि मुळं मात्र चहात टाकू नका, त्यांनी जुलाब होतात. घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा देऊ नका.